मदत हवी आहे: पद्मिनीच्या मागच्या ब्रेकमधून ऑइल गळतंय
नमस्कार मंडळी. जळगावहून लिहितोय. वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी कार दोन वर्षं शेडमध्ये नुसती उभी होती, चूक आमचीच. आता मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने ओल दिसते, पेडल मऊ लागतं, ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही उतरते. आधी वाटलं अ‍ॅक्सलचं सील गेलं. पण ओल पातळ आहे, पाण्याने धुतली जाते, गिअर ऑइलचा उग्र वासही नाही. म्हणजे हे ब्रेक ऑइल, आणि गळतोय तो व्हील सिलिंडरच (चाकातले ब्रेक शू दाबणारा) ना? ब्रेक ड्रम अजून उघडलेला नाही. नुसते रबर वॉशर बदलून भागेल, की बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गंजला असेल तर सिलिंडरच नवा टाकावा? शू भिजले असतील तर बदलणारच. खान्देशात जुना माल कुठे मिळतो? तोवर अजिंठा घाटात गाडी नेणं बंद!