आईच्या पुड्या, गुरुवारी प्री-ऑप. कोणी आज सांगेल का?

मेधा:
नमस्कार मंडळी,
आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं अखेर ठरलं. गुरुवारी प्री-ऑपला, म्हणजे ऑपरेशनआधीच्या तपासणीला, चालू असलेली सगळी औषधं न्यायची आहेत. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) आणि बीपीची गोळी ठीक, पण सांगलीहून आलेल्या डब्यात हळदीच्या कॅप्सूल, गुग्गुळाच्या गोळ्या आणि वैद्यांच्या वीसेक पुड्या निघाल्या. पुड्यांवर पेनने नुसतं ‘सकाळी, मधातून’. आई म्हणते, "ते औषध नाही गं, आयुर्वेदिक आहे. लिहू नकोस, उगाच ऑपरेशन पुढे ढकलतील." नर्सला काय सांगू?

श्रीकांत:
मेधा, लिहायचंच. इथे न्यूझीलंडमध्येच 2018 साली मेडसेफने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कळवलं होतं: वॉरफरिनवर व्यवस्थित असलेल्या एका पेशंटने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं तो आकडा) 10 च्या वर गेला. बहुतेकांचा 2 ते 3 मध्ये ठेवतात. माझाही साडेचार झाला होता. दात घासताना बेसिन लाल झालं, तेव्हा कुठे मी जीपीला (फॅमिली डॉक्टरला) हळदीच्या कॅप्सूलचं सांगितलं. आमटीतली हळद वेगळी, अर्काची कॅप्सूल वेगळी.

नलूकाकू:
श्रीकांत, सगळ्या आयुर्वेदाला एका माळेत ओवू नकोस. माझी बहीण साडेपाच वर्षं शिकून वैद्य झाली आहे, ती पेशंटला आधी चालू गोळ्या विचारते. मेधा, गुग्गुळ योगराज की महायोगराज? डबी नीट बघ. महायोगराजात भस्मं असतात, त्यात नागभस्म म्हणजे शिसं.

श्रीकांत:
काकू, नावं ठेवत नाहीये. मी रोज रात्री तिळाच्या कोमट तेलाने गुडघे चोळतो आणि बरं वाटतं. पण पोटात जाणाऱ्याचं तसं नाही. बॉस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक औषधं तपासली, 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. 2004 ची गोष्ट.

संदीप:
अ‍ॅक्युपंक्चर का नाही करत? माझा खांदा बॅडमिंटनमध्ये दुखावला तेव्हा एसीसीतून (इथल्या सरकारी अपघातविम्यातून) झालं, बरंच स्वस्तात.

नलूकाकू:
एसीसी अपघाताला रे, झिजलेल्या गुडघ्याला नाही. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुया टोचणाऱ्यालाही आधी सांगावं लागतं.

सुनीता (कार्यकारिणी):
दिवाळीनंतर या लिस्टवर औषधं सुचवायची नाहीत असं ठरलं होतं. कृपया ज्येष्ठांच्या गटात बोलावं.

श्रीकांत:
सुनीताताई, कोणी औषध सुचवत नाहीये, डॉक्टरांपासून लपवू नका एवढंच म्हणतोय. गुरुवारपर्यंत थांबायला वेळ नाही. मेधा, कॅप्सूल बंद केली तर तेही आजच जीपीला कळव. वॉरफरिनचा डोस हळदीसकट बसवलेला असू शकतो, मग आयएनआर उलट खाली येतो. आणि वॉरफरिन स्वतःहून थांबवू नका.

मेधा:
जीपीच्या नर्सशी बोलले. आयएनआर उद्या सकाळी. डबी महायोगराजचीच निघाली, तीही पिशवीत टाकली आहे. आई रुसली होती. मग मी म्हटलं, "तुझे वैद्य नाडी बघायच्या आधी काय काय विचारतात?" तर स्वतःच मोजायला लागली: झोप, पोट, चालू गोळ्या. आता पुड्या तीच एकेक करून पिशवीत भरतेय. भावाने वैद्यांकडून घटक लिहून घेतलेत, पण तिसऱ्या ओळीतलं अक्षर लागत नाही. फोटो जोडलाय. नलूकाकू, तुमच्या वैद्य बहिणीला आज रात्री दाखवाल का? वेळ गुरुवारी पावणेनऊची आहे.