आपली बलस्थानं आपणच ठरवायची?

बलस्थानांची आणि उणिवांची यादी स्वतःच करून बघा, हा सल्ला चांगला आहे, पण अर्धाच. माझ्या यादीत 'तपशिलावर पकड' हे पहिलं बलस्थान होतं. टीममधल्या एकीने जाता जाता विचारलं, "सर, अहवाल तुम्ही रात्री परत लिहिणारच असाल, तर मी सातपर्यंत कशाला बसू?" मी गप्प. त्या अहवालात मी बदललं तरी काय होतं? दोन परिच्छेदांचा क्रम आणि बरेचसे स्वल्पविराम.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेल्या 'जोहारी खिडकी'त (दोघांच्या नावांचे तुकडे जोडलेत, जवाहिऱ्याशी संबंध नाही) आपल्याला काय दिसतं आणि इतरांना काय, याचे चार कप्पे आहेत. त्यातला एक यासाठीच आहे: इतरांना दिसतं, आपल्याला नाही. यादी एकट्याने केली की तो रिकामाच राहतो.

मात्र 'माझं काय चुकतं?' असं थेट विचारून उपयोग नाही. वरिष्ठाच्या तोंडावर कोण सांगणार? मी विचारतो, "या आठवड्यात माझ्यामुळे कुठलं काम अडलं?" पहिल्यांदा सगळे खाली बघत बसले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकाने तोंड उघडलं, आणि मी लगेच खुलासे द्यायला लागलो! पुढचे दोन आठवडे परत शांतता. आता नुसतं लिहून घेतो, खुलासा गिळतो. दरवेळी जमतंच असं नाही.

अहवाल दिसला की हात अजून शिवशिवतात. हल्ली शेरे समासात लिहून फाईल तिलाच परत पाठवतो.