ईमॅक्समधल्या म्यू४ई मध्ये नव्या मेलची सूचना कशी लावावी?

शून्यमैल:
मंडळी, उबुंटूवर ईमॅक्स हा संपादक, त्यात म्यू४ई हा मेल वाचायचा प्रोग्राम, आणि मेल आणायला एमबीसिंक असा थाट आहे. वाचणं, शोधणं, उत्तरं देणं सगळं झकास. फक्त नवा मेल आलेला कळत नाही, खिडकी उघडून बघावं लागतं. माझं काम भाषांतराचं. एजन्सीवाले एकच मेल दहा जणांना टाकतात आणि जो आधी 'हो' म्हणेल त्याला काम. त्यामुळे असा मेल आला की लगेच कळायला हवं. पण मेलिंग लिस्टांचा पाऊस दिवसभर चालू असतो, त्यातल्या प्रत्येक थेंबाला टिंग नको. सूचनांसाठी म्यू४ई-अलर्ट नावाचं पॅकेज सगळीकडे सुचवलेलं दिसतं. तेच लावू का? ('ब्राउझरमध्ये टॅब उघडा ठेव' हा सल्ला घरात मिळून चुकला आहे.)

घाटमाथा:
आता त्या पॅकेजची गरज नाही. म्यूच्या (म्यू४ईच्या मागे मेल शोधणारा मूळ प्रोग्राम) अलीकडच्या आवृत्त्यांत ही सोय आतच आहे, फक्त मुळात बंद असते. 'म्यू४ई-नोटिफिकेशन-सपोर्ट' ला 'टी' (म्हणजे चालू) द्या. ईमॅक्स डी-बससकट (प्रोग्राम आणि डेस्कटॉप यांच्यातली निरोपांची सोय) बांधलेला हवा, उबुंटूचा असतोच.

खरी गंमत बुकमार्कमध्ये (म्यू४ईत जपून ठेवलेल्या शोधात) आहे. ज्या बुकमार्कला ':फेव्हरिट टी' लावाल, त्याच्यातल्या बदलावर सूचना ठरते. तेव्हा तिथे नुसतं 'न वाचलेले सगळे' ठेवू नका. 'फ्लॅग:अनरीड अँड नॉट फ्लॅग:लिस्ट अँड नॉट फ्लॅग:ट्रॅश्ड' असा शोध द्या. मेलिंग लिस्टचे मेल म्यू स्वतः ओळखतो, प्रत्येक लिस्टचं नाव घालत बसायला नको. मग 'म्यू४ई-अपडेट-इंटरव्हल' ३०० करा. आकडा सेकंदांत असतो, म्हणजे पाच मिनिटं.

जुनं_खोड:
मला ते सूचनांचे उडणारे चौकोन सोसत नाहीत. ईमॅक्सच्या 'डिस्प्ले-टाइम-मोड' मध्ये मेलची सोय आधीपासून आहे आणि कुणी वापरत नाही. 'डिस्प्ले-टाइम-मेल-डिरेक्टरी' ला मेलडिरच्या (मेल साठवायच्या फोल्डरच्या) इनबॉक्समधल्या 'न्यू' फोल्डरचा पत्ता द्या. त्यात रिकामी नसलेली फाइल दिसली की मोडलाइनवर (खिडकीच्या तळच्या पट्टीवर) घड्याळाशेजारी 'मेल' उमटतं. मेल वाचला की फाइल 'कर' (cur) फोल्डरात जाते आणि खूण पुसली जाते. एसएसएचवरून (दूरच्या संगणकावर) टर्मिनलमध्येही चालतं. एकच उणीव, त्याला निवड करता येत नाही. लिस्टा सर्व्हरवरच फिल्टर लावून वेगळ्या फोल्डरात वळवाव्या लागतील.

शून्यमैल:
घाटमाथा, बुकमार्कची युक्ती लावली, छान चालते. पण पाच मिनिटांत काम दुसऱ्याच्या पदरात पडतं हो. इंटरव्हल ३० सेकंद केला तर?

तारायंत्र:
नका करू. दर अर्ध्या मिनिटाला सर्व्हरचं दार ठोठावण्यापेक्षा त्यालाच हाक मारू द्या. आयमॅपमध्ये (सर्व्हरवरचा मेल वाचायच्या पद्धतीत) आयडल नावाची सोय १९९७ पासून आहे (आरएफसी २१७७ या इंटरनेटच्या नियमपत्रात). कनेक्शन उघडं राहतं आणि मेल आला की सर्व्हर आपण होऊन सांगतो. त्यासाठी 'गोआयमॅपनोटिफाय' हा प्रोग्राम घ्या. मेल आला की कोणती आज्ञा चालवायची आणि ती संपल्यावर कोणती, हे त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहायचं. पहिली एमबीसिंकची, तीही फक्त इनबॉक्सपुरती. सगळी खाती ओढत बसलात तर वेळ तिथेच गेला.

दुसऱ्या आज्ञेत लोक 'म्यू इंडेक्स' (नव्या मेलची नोंद घेणारी आज्ञा) लिहितात आणि तिथेच अडकतात. म्यू४ई चालू असताना म्यूच्या डेटाबेसला म्यू४ईच्याच आतल्या सर्व्हरचं कुलूप असतं, बाहेरचा इंडेक्स आत शिरू शकत नाही. त्याऐवजी ईमॅक्सक्लायंटकडून (चालू ईमॅक्सला बाहेरून आज्ञा देणाऱ्या प्रोग्रामकडून) 'म्यू४ई-अपडेट-इंडेक्स' चालवा. ईमॅक्समध्ये 'सर्व्हर-स्टार्ट' मात्र झालेलं हवं.

हे सगळं सिस्टमडीच्या (लिनक्सवर पार्श्वभूमीतले प्रोग्राम सांभाळणाऱ्या) यूजर सर्व्हिसमधून चालवा, क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) नको. क्रॉनला तुमच्या डेस्कटॉपच्या डी-बसचा पत्ता ठाऊक नसतो, त्यामुळे तिथून दिलेली सूचना मुकाट्याने हवेत विरते आणि माणूस तासभर ईमॅक्सला शिव्या घालतो.

शाईपेन:
सूचना स्वतःच्या स्क्रिप्टमधून 'नोटिफाय-सेंड' (डेस्कटॉपवर सूचना दाखवणारी आज्ञा) ने देणार असाल तर दोन खाचखळगे. मराठी विषय मेलच्या फाइलमध्ये सरळ देवनागरीत नसतो, बेस६४ च्या पुडीत (रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात) बांधलेला असतो. ग्रेपने (फाइलमधल्या ओळी शोधणाऱ्या आज्ञेने) विषयाची ओळ उचललीत तर चौकोनात रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. 'म्यू फाइंड' ला '--फील्ड्स' देऊन पाठवणारा आणि विषय मागा, ते उलगडून देतं. ते नुसतं वाचतं, त्यामुळे वरच्या कुलुपाचाही त्रास नाही. दुसरं म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता कोनी कंसात येतो. मजकुरात तो तसाच दिला तर बऱ्याच डेस्कटॉपना तो मार्कअपचा टॅग वाटतो आणि पत्ता गायब. कंस आधी बदलून घ्या.

नॉटमचवाली:
म्यू सोडून आमच्या नॉटमच या मेल-शोधकाच्या पक्षात आलात तर हे सगळं एका पोस्ट-न्यू हुकमध्ये बसतं. 'नॉटमच न्यू' झालं की टॅग लावा, एजन्सीचा टॅग असेल तर सूचना द्या, विषय संपला. पण आहे ती घडी बसली असेल तर केवळ एवढ्यासाठी मोडू नका.

जीनस (ईमॅक्समधला दुसरा मेल वाचक) वापरणारं कुणी वाचत असेल तर: 'जीनस-नोटिफिकेशन्स' मुळात फक्त पहिल्या पातळीच्या ग्रुपचीच सूचना देतं, आणि आपले ग्रुप बहुधा तिसऱ्या पातळीवर असतात. बिघाड समजून डोकं फोडू नका, 'जीनस-नोटिफिकेशन्स-मिनिमम-लेव्हल' वाढवा.

शून्यमैल:
तारायंत्र यांची वाट धरली. मेल पडला की काही सेकंदांत चौकोन येतो. लिस्टा गप्प आहेत. एकच अडचण, लॅपटॉप झाकून उघडला की सर्व्हिस चालू दिसते पण सूचना येत नाही.

तारायंत्र:
लॅपटॉप झोपला की ते कनेक्शन मेलेलं असतं, आपल्या बाजूला ते लगेच कळत नाही. आयडल दर २९ मिनिटांच्या आत पुन्हा मागावं असं त्याच आरएफसीत आहे, तोवर प्रोग्राम निवांत वाट बघत बसू शकतो. लॅपटॉप जागा झाला की सर्व्हिस रीस्टार्ट होईल असं करा. सिस्टमडीच्या 'सिस्टम-स्लीप' फोल्डरात छोटी स्क्रिप्ट टाकली की झालं. ती रूट म्हणून चालते, त्यामुळे तुमच्या यूजरची सर्व्हिस कुणाची हे तिला सांगावं लागेल. आणि म्यू४ईचा इंटरव्हल पूर्ण बंद करू नका, १८०० ठेवा. दोन एमबीसिंक एकाच वेळी धावले तर दुसरं 'चॅनल लॉक आहे' म्हणून परत फिरतं, बिघडत काही नाही.