गायकवाडांचे बडोदे एका दिवसात: क्रम कसा ठेवावा? (मदत हवी आहे)

मांजलपूरवासी: साताऱ्याहून मामा-मामी येत आहेत. लक्ष्मी विलास राजवाडा, कीर्ती मंदिर, सयाजीबाग आणि तांबेकर वाडा ही ठिकाणे एका दिवसात कोणत्या क्रमाने पाहावीत, हे कृपया लवकर कळवावे.

दांडियाबाजार: वार कोणता आहे, ते आपण लिहिलेले नाही. सोमवारी लक्ष्मी विलास बंद असतो. मामांना जिना चढवतो का, हेही सांगावे, कारण तांबेकर वाड्यातील चित्रे वरच्या मजल्यावर आहेत.

पावागडप्रेमी: माझे ऐकाल तर शहरात दिवस घालवू नका. चांपानेर-पावागड हे २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि तेथील जामी मशिदीची कोरीव जाळी एकदा तरी पाहायलाच हवी.

दांडियाबाजार: चांपानेर सुंदर आहे, याबद्दल वाद नाही, परंतु ते गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याचे, आणि प्रश्न गायकवाडांच्या बडोद्याचा आहे.

मांजलपूरवासी: वार मंगळवार. मामांचे गुडघे दुखतात, पण एक जिना ते सावकाश चढतील. रिक्षाने फिरणार आहोत.

नदीकाठचा: मग सकाळी सयाजीबागेपासून सुरुवात करावी. विश्वामित्रीच्या काठची ही बाग सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये वसवली आणि आतले संग्रहालय १८९४ चे आहे. तेथून काळ्या घोड्याजवळून (सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळून) पूल ओलांडला की कीर्ती मंदिर. ही गायकवाड घराण्याची स्मारकवास्तू असून आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. त्यांतील गंगावतरणासमोर मामांना निवांत बसू द्यावे. नदीत मगरी आहेत, त्यामुळे काठावर उतरू नये.

मांडवीची_लेक: मामींना खरेदीची आवड असेल तर १९०६ मध्ये बांधलेले खंडेराव मार्केट जरूर दाखवावे.

मांजलपूरवासी: आभारी आहे, परंतु खरेदीचा बेत नाही. राजवाडा आधी की वाडा आधी?

नदीकाठचा: राजवाडा आधी. मेजर मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या निधनानंतर चिझम यांनी काम पुढे नेले आणि १८९० मध्ये ते पूर्ण झाले. आवारातील फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत.

दांडियाबाजार: मला हे पटत नाही. राजवाड्यात चालून पाय थकल्यावर वाड्याचा जिना चढायचा कोणी? कीर्ती मंदिरावरून थेट रावपुऱ्याकडे यावे आणि उजेड चांगला असतानाच वाडा पाहावा. भाऊ तांबेकर हे बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या या वाड्यात कृष्णलीला आणि महाभारतातील प्रसंगांच्या जोडीने इंग्रज-मराठे लढायाही रंगवलेल्या आहेत, आणि भिंती अपुऱ्या पडाव्यात तशी लाकडी दारेही चित्रांनी भरलेली आहेत. जवळ जाऊन पाहिल्याशिवाय त्यातील बारकावा कळत नाही. साताऱ्याच्या माणसाला हे आधी दाखवावे. राजवाडा दुपारी जेवणानंतर.

नदीकाठचा: गुडघ्यांचा विचार करता हा क्रम योग्य आहे. फक्त राजवाड्याला पोहोचायला उशीर करू नये, अन्यथा फत्तेसिंह संग्रहालय राहून जाईल.