मदत हवी आहे: महिला कर्लिंगच्या तक्त्यात २०२० ची ओळ कशी भरावी?

मंडळी, जागतिक महिला कर्लिंग (बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ) स्पर्धेच्या विजेत्यांचा तक्ता एक्सेलमध्ये करतोय. गाडी २०२० वर अडली आहे.

स्पर्धा कॅनडातल्या प्रिन्स जॉर्जला १४ ते २२ मार्चला होती. संघ १३. कोविडमुळे १२ मार्चला रद्द झाली, एकही दगड सरकला नाही. २०२१ चीही स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनची स्पर्धा रद्द झाली होती, पण ती पुढे कॅलगरीत खेळवली, त्यामुळे तिथे फक्त ठिकाण बदलायचं.

खरी गोची सलग विजेतेपदांची. स्वित्झर्लंडच्या सिल्वाना तिरिनझोनीच्या संघाने २०१९, २०२१, २०२२, २०२३ जिंकली. सूत्र वर्षांच्या फरकावर बांधलं, तर २०१९ नंतर फरक २ येतो आणि साखळी तुटते. ओळ ठेवून विजेता रिकामा सोडला तरी तेच. ओळच उडवली तर मोजणी चार येते, पण रद्द झाल्याची नोंद जाते, ते मला पटत नाही.

‘खेळवली/रद्द’ असा वेगळा रकाना करून अनुक्रमांक फक्त खेळवलेल्यांना द्यावा, असं वाटतंय. तसं केल्यास रद्द ओळ वगळून सलग मोजणारं सूत्र कसं लिहायचं? आणि कॅनडाच्या केरी आयनारसनचा संघ २०२० साठी पात्र ठरला होता, पण खेळला नाही. त्याचा ‘सहभाग’ धरायचा का?