आईचा गुदाशयाचा कॅन्सर: आधी रेडिएशन, मग ऑपरेशन असं का? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या आईला (वय 56) गुदाशयाचा, म्हणजे गुदद्वाराच्या लगेच वरच्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कॅन्सर निघाला आहे. आम्ही पंढरपूर तालुक्यातले. शौचातून रक्त पडायचं ते मूळव्याधीचं समजून बरेच महिने मलम आणि इसबगोल चालू होतं. मग दिवसातून सहा-सात वेळा जावं लागायला लागलं, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटेना. वजन उतरलं, हिमोग्लोबिन 8 वर आलं, तेव्हा सोलापूरला कोलोनोस्कोपी केली. गाठ गुदद्वारापासून 5 सेंमी वर आहे. बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा (कॅन्सरचा एक प्रकार), एमआरआयमध्ये टी3 (गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडे गेलेली) आणि शेजारच्या लिम्फ ग्रंथी सुजलेल्या. सीटी स्कॅनमध्ये यकृत, फुप्फुसं स्वच्छ आहेत.

सर्जन म्हणाले, आधी साडेपाच आठवडे रेडिएशन, सोबत कॅपेसिटाबिनच्या (केमोच्या) गोळ्या, आणि त्यानंतर काही आठवडे थांबून ऑपरेशन. मामा म्हणतात, गाठ अंगात ठेवून दिवस का घालवायचे? त्यांच्या शेजाऱ्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, त्यांचं ऑपरेशन लगेच झालं. घरात समजावायला मला कारण नीट कळायला हवं आहे.

दुसरं, ऑपरेशननंतर शौचासाठी पोटाला लावायच्या पिशवीचं. आई माळकरी आहे, दरवर्षी आळंदीहून पायी वारी करते. "पोटाला पिशवी लावून विठ्ठलापुढं कशी उभी राहू?" असं म्हणून ऑपरेशनलाच नको म्हणते आहे. कुणाच्या घरी हा अनुभव असेल तर कृपया लिहा. मी आणि बहिणीने (वय 34 आणि 31) तपासणी करून घ्यायची का, तेही सांगा.

प्रतिसाद: सदाफुली
मी कॅन्सर विभागात काम करते. मामांना एवढं सांगा की मोठं आतडं पोटात मोकळं असतं, गाठीच्या दोन्ही बाजूंनी भरपूर भाग काढता येतो. गुदाशय ओटीपोटाच्या अरुंद हाडांत बसलेला, पुढे गर्भाशय आणि योनी, मागे माकडहाड. तिथे कडेला निरोगी भाग मिळणं अवघड, म्हणून कॅन्सर त्याच जागी उलटण्याची भीती जास्त. रेडिएशनने ती कमी होते. गाठ आक्रसते, आणि रेडिएशनचा परिणाम ते संपल्यावरही काही आठवडे चालूच राहतो. मधला काळ वाया जात नाही. काही जणांची गाठ पूर्ण विरघळते.

सर्जनना दोन प्रश्न जरूर विचारा. गाठ गुदद्वाराच्या स्नायूत शिरली आहे का? नसेल तर स्नायू वाचवून आतडं जोडता येऊ शकतं, आणि पिशवी जोड भरून येईपर्यंतच, म्हणजे काही महिनेच लागते. शिरली असेल तर कायमची. दुसरं, बायोप्सीवर एमएमआर तपासणी (पेशींतली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा नीट आहे का ते पाहणारी) झाली का? त्यात दोष निघाला तर उपचाराची दिशाच बदलू शकते, आणि आजार आनुवंशिक असण्याची शक्यता पाहावी लागते. तसं असेल तर तुम्हा दोघांची तपासणी लवकर. नसेल तर चाळिशीला पहिली कोलोनोस्कोपी. मधे रक्त पडलं किंवा शौचाची सवय बदलली, तर वय न बघता दाखवा.

रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज असतं, त्यामुळे राहण्याची सोय आधी बघा. तुम्हाला बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल जवळ पडेल. परळच्या टाटाला गेलात तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. जनआरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवा.

प्रतिसाद: भीमातीर
माझ्या सासूबाईंना कायमची पिशवी आहे. शेतात जातात, लग्नात पंगतीला बसतात. पिशवी नीट बसली की वास येत नाही. एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही: ऑपरेशनआधी स्टोमा नर्सकडून (पिशवीची काळजी शिकवणारी नर्स) पोटावर जागेची खूण करून घ्या, आणि आईंना त्यांची नेहमीची साडी नेसून बसायला, उभं राहायला, वाकायला सांगा. परकराची नाडी नेमकी तिथे आली तर रोजचा त्रास होतो. आईंची हरकत नसेल तर सासूबाई त्यांच्याशी फोनवर बोलतील. त्या एकादशीला देवळातही जातात.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. एमएमआर अहवालात नाही, उद्याच विचारते. भीमातीर, आई बोलायला तयार आहे, पण मामा घरी नसताना. दुपारी 3 नंतर चालेल का? तुम्हाला निरोप पाठवते.