मदत हवी आहे: १३ ते १६ च्या मुली तिसऱ्या आठवड्यानंतर खेळायला येतच नाहीत

नमस्कार मंडळी, मी वडोदऱ्यात दांडिया बाजारजवळ राहते, आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी संध्याकाळी साडेसहा ते साडेसात खेळाचा तास सुरू केलाय. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते आणि आमच्या पोरांची शाळा-ट्यूशन-मोबाइल यात १५ मिनिटं पण होत नाही म्हणून.

मुलगे टिकतात. मुली मात्र पहिल्या आठवड्यात १४ होत्या, आता ३. त्यातली एक तर रोज येते पण दप्तर पोटाशी धरून भिंतीला टेकून उभी राहते, बोलावलं की "काकू, उद्या" म्हणते. बघून जीव तुटतो हो. याच मुली नवरात्रात तीन-तीन तास गरबा खेळतात, म्हणजे दम नाही असं अजिबात नाही!

करून पाहिलेलं: पावलं मोजायचं अ‍ॅप (चार दिवसांत सगळ्यांनी सोडलं), बक्षिसं, खो-खोच्या मिक्स टीम (यात तर अजून दोघी गेल्या), आयांशी बोलणं. सकाळची वेळ जमत नाही, सातला शाळा. पटांगण एकच, कोच नाही, पैसे जवळपास नाहीत. पाळीच्या दिवसांत सुट्टी घ्यायची मोकळीक आधीच दिलीय.

ज्यांनी या वयाच्या मुलींचा असा गट सहा महिने तरी चालवलाय त्यांनी प्लीज सांगा, मुलींचे दिवस वेगळे ठेवू का, आणि खेळ त्यांनाच ठरवू दिले तर त्या खरंच टिकतात का?